गोवर्धनाखालची काठी

ताम्हिणीच्या बाजूने आलेला पाऊस एकदा मुळशीच्या खोऱ्यात उतरला की आठ-आठ दिवस मुक्काम हलवीत नाही. अशाच एका श्रावणात, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो होतो. समोरचा डोंगर धुक्यात बुडालेला, पत्र्यावर पावसाचा असा मारा की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावे, आणि पडवीत दहा-बारा मुलांनी गोवर्धनाचा प्रवेश मांडलेला. भातलावणीच्या वेळी बाया पाठीवर घेतात ते इरले हाच त्यांचा गोवर्धन. डोंगर काळा दिसावा म्हणून त्यावर एक ओली घोंगडी टाकलेली. चौथीतला एक उंच मुलगा कृष्ण झाला होता. त्याने करंगळी वर धरली, इरले तिच्यावर टेकले, आणि बाकीच्या गोपाळांनी आपापल्या काठ्या खालून लावल्या. सर्वांत धाकटा पहिलीतला होता. त्याच्या वाट्याला काठी उरली नव्हती, म्हणून त्याने कोपऱ्यातली मोडकी छत्री आणली आणि ती उभी धरून तोही रेटा देऊ लागला. गुरुजी मायेनेच म्हणाले, "अरे, तू नको जोर लावूस. डोंगर कृष्णानंच उचललाय." छत्री तशीच धरून त्या पोराने विचारले, "मंग आमाला खाली कशाला उभं केलंय, गुर्जी?"

त्या प्रश्नाला तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. पावसाच्या आवाजात तो फारसा कोणाच्या ध्यानातही आला नसेल. परंतु परतीच्या वाटेवर, पौडची वेस ओलांडून मोटार पुण्याकडे वळली तरी, तो माझ्या मनातून जाईना. जगातल्या यच्चयावत वीरकथांना विचारावा असा तो प्रश्न आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. जो एकटाच डोंगर उचलू शकतो, ज्याच्या सामर्थ्याला सीमा नाही असे कथाकार पहिल्याच पानावर ग्वाही देऊन सांगतो, त्याच्या शेजारी एखाद्या कोवळ्या, अननुभवी, प्रसंगी अडचणच होणाऱ्या पोराला उभे करण्याचे प्रयोजन काय? आज ज्या कथांना 'सुपरहिरो'च्या कथा म्हणतात त्यांत हा बालसोबती वारंवार येतो, वारंवार हास्यास्पद ठरविला जातो, आणि तरीही वारंवार परत येतो. ज्याला इतक्यांदा हद्दपार करूनही जो परत येतो, त्याचे काही तरी काम शिल्लक असले पाहिजे. ते काम कोणते, याचा विचार मला येथे करावयाचा आहे.

या परंपरेचे आधुनिक मूळ सांगणे अवघड नाही. १९३९ च्या मे महिन्याच्या अंकात अमेरिकेतल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये बॅटमॅन हा रात्रीचा, एकलकोंडा, सूडाने पेटलेला नायक प्रथम अवतरला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १९४० च्या एप्रिल महिन्याच्या अंकात, त्याच्याशेजारी रॉबिन नावाचा पोर उभा राहिला. हा डिक ग्रेसन सर्कशीतल्या झुल्यावरच्या कसरतपटूंचा मुलगा. खंडणीखोरांनी त्याच्या आईबापांचा घात केला, आणि ज्याचे स्वतःचे आईबाप लहानपणीच मारले गेले होते त्या बॅटमॅनने मेणबत्तीच्या उजेडात त्याला शपथ देऊन जवळ केले. बॅटमॅनच्या कथा लिहिणाऱ्या बिल फिंगरने पुढे सांगितले की, या नायकाला बोलायला कोणी नव्हते; होम्सला जसा वॉटसन, तसा याला कोणी तरी हवा होता. रॉबिन आल्यानंतर अंकांचा खप जवळजवळ दुप्पट झाला असे सांगतात, आणि मग प्रत्येक अतिमानुष नायकाला एकेक पोर जोडून देण्याची टूमच निघाली. १९४१ साली कॅप्टन अमेरिका आला तो पहिल्याच अंकात बकी या मुलाला बरोबर घेऊन.

यावरून व्यवहारी माणूस झटकन निष्कर्ष काढतो, की मुलांनी पैसे देऊन अंक विकत घ्यावेत म्हणून कथेत मूल घातले, यापलीकडे त्यात काही नाही. हा निष्कर्ष खोटा म्हणता येणार नाही, पण तो अपुरा आहे. देवळाला उत्पन्न असावे म्हणून यात्रा भरविली गेली असेल. म्हणून यात्रेकरूंच्या श्रद्धेचे कारण उत्पन्नाच्या दप्तरात शोधावयाचे नसते. प्रकाशकाचा हेतू हिशेबाचा असला तरी वाचणाऱ्या मुलाला जे मिळाले ते हिशेबाबाहेरचे होते. शिवाय या स्पष्टीकरणाला एक मोठी अडचण आहे: ज्या कथांना प्रकाशक नव्हता, खप नव्हता, छापखानाही नव्हता, त्या कथांतही हा पोर आहेच.

आपल्या मराठी मनाने तर तो स्वतः घडविला आहे. भागवताच्या दशम स्कंधात कृष्णाच्या सवंगड्यांची नावे येतात ती श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण अशी. परंतु महाराष्ट्रात कोणत्याही खेड्यात जाऊन कृष्णाचा सवंगडी कोण असे विचारा. उत्तर येईल, पेंद्या. वाकड्या पायांचा, बोबड्या बोलाचा, शिदोरीत शिळी भाकर आणणारा हा पोर संतांच्या काल्यात आहे, कीर्तनात आहे, तमाशाच्या गौळणीतही आहे. ज्याला विश्वरूप दाखविता येते अशा देवाच्या शेजारी आपल्या लोकांनी एक लंगडे पोर आणून उभे केले, आणि त्याला देवाशी हुज्जत घालण्याचा, देवाला टोकण्याचा, देवाच्या हातातला घास ओढून खाण्याचा हक्क सनदेसारखा कायम करून दिला. हे केवळ करमणुकीसाठी झाले असे मला वाटत नाही. ज्याची फक्त पूजाच करता येते तो देव आपल्या कामाचा नाही, त्याच्याशी बोलणारे आपल्यातले कोणी तरी तिथे हवे, ही ती समज आहे. पेंद्याच्या रूपाने लोकांनी गोकुळात आपला वकील नेमला.

या वकिलाचे पहिले काम प्रश्न विचारणे. एकटा नायक आपल्या कृत्याची कैफियत कोणालाही देत नाही. तो विचार करतो तो मनात, निर्णय घेतो तो मनात, आणि आपल्यापुढे येतो तो केवळ परिणाम. शेजारी मूल असले की त्याला बोलावे लागते. 'इथे का आलो?', 'त्याला का सोडले?', 'हे तुम्हाला कसे कळले?' या प्रश्नांना उत्तर देताना पराक्रमाचे रूपांतर विचारात होते आणि वाचणारा प्रेक्षकाचा विद्यार्थी होतो. रहस्यकथेने ही गोष्ट फार लवकर ओळखली. १८८७ साली होम्सची पहिली कादंबरी आली, तिच्यातच वॉटसनखेरीज लंडनच्या रस्त्यावरची उनाड पोरे होम्सच्या दिमतीला आहेत, आणि जिथे पोलीस पोचत नाहीत तिथे ती पोचतात. आपल्याकडे हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी धनंजयाशेजारी छोटू ठेवला. वाचनालयाच्या पायरीवर बसून त्या पुस्तिका फस्त करणाऱ्या एका पिढीने धनंजयाची बुद्धी वाखाणली असेल, पण त्या बुद्धीच्या घरात ती पिढी शिरली ती छोटूचे बोट धरून.

दुसरे काम याहून मोलाचे आहे, आणि ते मर्यादेचे. आरंभीच्या कथांतला बॅटमॅन निर्दय होता. त्याच्या हाती बंदूक दिसे, गुन्हेगार मेला तरी त्याला खंत नसे. रॉबिन आला त्याच सुमारास संपादकांनी या नायकाला मनुष्यवधाची बंदी केली, आणि न मारणे हेच पुढे त्याचे ब्रीद झाले. केवळ रॉबिनमुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. परंतु या दोन गोष्टी एकाच काळात घडाव्यात यात एक आंतरिक संगती आहे. घरातला कर्ता पुरुष एकटा असताना जे बोलतो ते पोर अंगणातून आत आले की बोलत नाही. पाहणारे डोळे कोवळे असले म्हणजे हात आपोआप आवरतो. शत्रूला नायकाचे भय वाटते, न्यायाधीशाला त्याच्यावर अधिकार नाही, समाज त्याच्या उपकाराखाली दबलेला. अशा सर्वशक्तिमान माणसावर अंकुश ठेवू शकेल असे एकच माणूस उरते, ते म्हणजे त्याच्याकडून शिकणारे मूल. कारण त्या मुलापुढे तो जे करील ते उद्या ते मूल करणार आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की मुलाला आपल्यासारख्या मुलातच रस असेल तर त्यालाच नायक का करू नये. दुय्यम जागी का बसवावे? स्टॅन लीला हे पोरसवदा सोबती आवडत नसत. १९६२ साली त्याने आणि चित्रकार स्टीव्ह डिटकोने स्पायडरमॅन निर्माण केला तो शाळेत जाणारा पोरच होता, कोणाचाही सोबती नव्हता. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा तर याचे उत्तम उदाहरण. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत येतो, सायकलवर टांग टाकतो, तोंडाने 'टॉक्' करतो आणि संकटात उडी घेतो. त्याला कोणा महानायकाच्या सावलीची गरज नाही. मी स्वतः फेण्याच्या पुस्तकांवर वाढलो आहे आणि त्याच्याविषयी कमी बोलणे मला शक्य नाही. परंतु फेणे कधीही एकटा नसतो हेही विसरता कामा नये. सुभाष देसाई आहे, मामेबहीण माली आहे. आणि तो गोत्यात येतो तेव्हा त्याला थोरांच्या जगाशी व्यवहार करावाच लागतो. स्वतंत्र बालनायकाची कथा मुलाला सांगते, की तू आजच समर्थ आहेस. बालसोबत्याची कथा सांगते, की तू आज समर्थ नाहीस, तरी तुझी जागा राखून ठेवली आहे. पहिल्या कथेने धैर्य येते, दुसरीने धीर येतो, आणि वाढत्या वयाला दोन्हींची गरज असते. किंबहुना मुलाच्या प्रत्यक्ष आयुष्याला दुसरीच अधिक जवळची आहे. कारण मूल खरोखर कोणाच्या तरी मागे मागे फिरूनच मोठे होते.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे आणि त्याला चटकन उत्तर देण्याचे धाडस कोणी करू नये. मुलाला युद्धात नेणे हे पाप आहे. ज्या नायकाला आपल्या सामर्थ्याची खात्री आहे त्याने अल्पवयीन मुलाला गोळ्यांच्या वर्षावात उभे करावे आणि त्याला शौर्याचे शिक्षण म्हणावे, हे कोणत्या नीतिशास्त्रात बसते? या आक्षेपाचे सर्वांत प्राचीन रूप आपल्याच महाभारतात आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी, अर्जुन दूर गुंतलेला असताना, युधिष्ठिराने सोळा वर्षांच्या अभिमन्यूला चक्रव्यूह भेदावयास सांगितले. मला आत शिरता येते, बाहेर पडता येत नाही, हे त्या मुलाने आधीच सांगितले होते. आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो, असे थोरांनी वचन दिले, आणि जयद्रथाने वाट अडविल्यावर ते वचन व्यूहाच्या दाराशीच पडून राहिले. आत तो मुलगा एकटा लढला आणि अनेकांनी मिळून त्याला मारले. व्यासांची थोरवी ही की त्यांनी या मरणाला केवळ वीरमरण म्हणून गौरविले नाही. त्यांनी अर्जुनाला संध्याकाळी शिबिरात परत आणले, त्याला विचारावयास लावले की माझ्या पोराचे रक्षण तुमच्यापैकी कोणालाच का करता आले नाही, आणि युधिष्ठिराला खाली मान घालून ते ऐकावयास लावले. जो कथाकार मुलाला व्यूहात पाठवितो त्याने संध्याकाळचे हे शिबिरही लिहिले पाहिजे, असा दंडकच व्यासांनी घालून दिला आहे.

आधुनिक काळाने हा दंडक एकदा उघड उघड मोडला. डिक ग्रेसननंतर जेसन टॉड नावाचा दुसरा मुलगा रॉबिन झाला होता. तो अनेक वाचकांना आवडत नव्हता. १९८८ साली प्रकाशकांनी वाचकांपुढे दोन दूरध्वनी क्रमांक ठेवले: एकावर फोन केल्यास मुलगा जगेल, दुसऱ्यावर केल्यास मरेल. ५,२७१ मते जगविण्याच्या बाजूने पडली, ५,३४३ मारण्याच्या. आणि केवळ ७२ मतांच्या फरकाने तो मुलगा पुढच्या अंकात मारला गेला. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा तेव्हा मला अस्वस्थता येते, कारण येथे जयद्रथाच्या जागी खुद्द वाचक उभा राहिला. तरीही पुढे जे झाले ते विचार करण्याजोगे आहे. त्या मरणानंतर बॅटमॅन अधिकाधिक क्रूर आणि बेफाम होत गेल्याचे लेखकांनी दाखविले, आणि वर्षभरातच, १९८९ साली, टिम ड्रेक नावाचा एक मुलगा स्वतःच्या बुद्धीने सारे रहस्य उलगडून त्याच्या दाराशी आला तो हेच पटवून द्यायला, की या माणसाला रॉबिनची गरज आहे. खपासाठी मारलेल्या मुलाच्या जागी कथेलाच दुसरे मूल आणावे लागले. त्याच्यावाचून नायक नायक राहीना. बालसोबत्याच्या मोलाचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

आणि हा प्रश्न केवळ पुराणाचा किंवा रंगीत चित्रांचा आहे असेही नाही. पुरंदरच्या तहानंतर आठ वर्षांच्या संभाजीराजांना पित्याच्या वतीने जामीन म्हणून मिर्झाराजांच्या छावणीत जावे लागले, बादशाही मनसब त्यांच्या नावे झाली, आणि १६६६ साली आग्ऱ्याच्या दरबारात नऊ वर्षांचा तो मुलगा बापाशेजारी उभा होता. सुटकेच्या कथेत पेटारे सर्वांना आठवतात. परंतु त्या कथेतला सर्वांत अवघड क्षण मला मथुरेचा वाटतो, जिथे पाठलाग चुकवायचा म्हणून बापाने पोराला परक्या घरी ठेवले आणि स्वतः दक्षिणेची वाट धरली. तिथे तलवारीचा उपयोग नव्हता. आपल्या साहसाची किंमत आपल्या लेकराने भरावी लागेल की काय, ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन शिवाजीमहाराज राजगडाला पोचले असतील. मूल बरोबर असले की नायकाला असे काही तरी गमावण्याचे भय राहते, आणि ज्याला भय नाही त्याच्या धैर्यालाही अर्थ नाही. म्हणून आक्षेपाला माझे उत्तर एवढेच: मुलाला कथेत आणणे पाप नव्हे, आणून त्याचा हिशेब न देणे हे पाप आहे.

तिसरे काम वारशाचे. जुन्या कचेऱ्यांत 'उमेदवार' नावाचा एक पोरगा असे. त्याला पगार नसे, दप्तर उचलणे, शाई घोटणे, कागद लावणे ही त्याची कामे. परंतु कारकुनाच्या मांडीशी बसून तो पाहत असे, आणि एक दिवस लेखणी त्याच्या हाती येई. बालसोबत्याची खरी जात ही उमेदवाराची आहे, आणि उमेदवारीचा कस एकाच गोष्टीने लागतो: ती संपते की नाही. डिक ग्रेसन मोठा झाला, त्याने रॉबिनचा पोशाख उतरविला आणि १९८४ साली नाइटविंग हे स्वतःचे नाव घेतले. त्या दिवशी चव्वेचाळीस वर्षांची शिकवणी सार्थकी लागली. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक हातोहात फिरत. त्यांतला वेताळ अमर आहे असे जंगलातले लोक मानीत, पण आम्हा वाचकांना गुपित माहीत होते: तो अमर नव्हता, बापामागून मुलगा कवटीची शपथ घेऊन तोच पोशाख चढवीत आला होता आणि आता एकविसावी पिढी चालू होती. अमरत्व म्हणजे न मरणे अशी इतरांची समजूत असेल. आम्हाला त्या अंकांनी शिकविले की अमरत्व म्हणजे शिकविणे.

येथवर मी कथांविषयी बोललो. आता ज्या भूमीवर तो प्रश्न विचारला गेला तिच्याविषयी बोलले पाहिजे. त्या शाळेच्या पायरीला लागून जे पाणी आहे त्याखाली गावे आहेत. मुळा आणि निळा यांच्या संगमाशी टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळे धरणाच्या पायावर जाऊन बसले. ज्या पुणेकर सावकारांच्या नावे जमिनी होत्या त्यांतल्या बहुतेकांना मोबदला पुरेसा वाटत होता. ज्यांच्या नावे काहीच नव्हते आणि ज्यांनी पिढ्यान्पिढ्या चिखल तुडविला होता त्यांना तो नको होता. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात, आणि ती कोणा सरकारने दिली नाही. सेना होती म्हणून ते सेनापती झाले. त्यांचे सहकारी विनायकराव भुस्कुटे यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहून ठेवला आहे. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, माणसे तुरुंगात गेली, जनावरे आणि भांडीकुंडी जप्त झाली. १९२४ च्या अखेरीस बापटांनी बांधकामाची रेल्वे अडविली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले आणि गावे पाण्याखाली गेली. त्यांचा गोवर्धन कोसळला.

परंतु पराभवाहून मोठी हानी नंतर झाली, आणि ती आपण केली. आज मुळशीचा सत्याग्रह म्हटले की सेनापती बापट हे एक नाव आठवते, आणि ते योग्यच आहे. पण ते बाराशे कोण होते, त्यांत किती पोरे होती, बाप तुरुंगात असताना गुरे कोणी राखली, निरोप कोणी पोचविले, हे कोणी सांगत नाही. आपली जुनी भाषा याहून न्यायी होती. १६५९ च्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली जे घडले त्याविषयी लोकांनी एक म्हण केली, 'होता जिवा म्हणून वाचला शिवा.' त्या म्हणीत राजा आणि सोबती एकाच तुकड्यात बसले आहेत आणि त्यांना जोडणारा शब्द 'म्हणून' हा आहे. छत्रपतींच्या थोरवीला त्या शब्दाने तसूभर उणेपणा आला नाही. मुळशीच्या सत्याग्रहाला अशी म्हण लाभली नाही. बाराशेंची गोष्ट एकाची झाली, आणि एकाची गोष्ट ऐकून वाढणारी मुले पुढच्या एकाची वाट पाहत बसतात.

वाट पाहणे फार काळ रिकामे राहत नाही. ती जागा कोणी तरी घेतोच. गेल्या काही दशकांत पुण्याचे लोण भूगाव-पिरंगुटच्या पलीकडे सरकले, जमिनींना पैसा आला, जमिनी गेल्या, पैसाही गेला, आणि हातात काही नसलेल्या काही तरुणांना 'भाई' भेटला. २०१८ साली आलेल्या प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने हे दुखणे साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडले. भाईच्या मागे गाडीवर बसणारा पोरही एका अर्थाने बालसोबतीच आहे: तोही निष्ठावंत आहे, तोही जीव धोक्यात घालतो, तोही कोणासारखे तरी होण्यासाठी धडपडतो. मग त्याच्यात आणि पेंद्यात अंतर कोणते? पेंद्या विचारू शकतो, हा विचारू शकत नाही. पेंद्या कृष्णाच्या ताटात जेवतो, हा उरलेले खातो. ग्रेसन एक दिवस निरोप घेऊन स्वतःच्या नावाने उभा राहतो, याला निरोप घेण्याची मुभा नाही. जिथे प्रश्न आहे, वाटा आहे आणि बाहेर पडण्याची वाट आहे तिथे सवंगडी असतो. जिथे यांतले काही नाही तिथे केवळ चेला असतो, आणि चेल्याचा वापर होतो. मुलांना हा भेद भाषणाने कळत नाही. तो कळतो तो गोष्टीने, आणि लहानपणीच.

म्हणून माझे म्हणणे असे, की जे मुलांसाठी लिहितात, चित्रे काढतात, पोवाडे रचतात, नाटुकली बसवितात, त्यांनी या पोराला कथेतून काढू नये. तो नायकाची उंची कमी करतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की उंची मोजायलाही शेजारी कोणी तरी लागतो. त्याला विदूषक करू नये, शोभेची वस्तू करू नये, आणि कथानक पुढे सरकावे म्हणून स्वस्तात मारू नये. त्याला प्रश्न द्यावा, चूक करण्याची सवलत द्यावी, प्रसंगी नायकाची चूक दाखविण्याचा मान द्यावा, आणि शेवटी त्याला मोठे होऊ द्यावे. नायकाच्या पराक्रमाने मुलाचे डोळे दिपतात ते एका संध्याकाळपुरते. आपल्यासारख्या कोणाचा तरी हात त्या पराक्रमाला लागला होता ही आठवण मात्र त्याला वयाच्या चाळिशीतही उपयोगी पडते, कचेरीत अर्ज देताना, ग्रामसभेत हात वर करताना, भाईला नाही म्हणताना.

त्या पडवीत पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. प्रवेश लांबला, कारण गोपिका झालेल्या मुलींना गाणे आठवेना. घोंगडी ओली होती, म्हणजे चांगलीच जड. थोड्या वेळाने कृष्णाची करंगळी थरथरू लागली, मग मनगट, मग खांदा. त्याने ओठ घट्ट मिटले होते, पण हात खाली येत चालला होता हे समोर बसलेल्या आम्हाला दिसत होते. इरले मात्र खाली आले नाही. ते दहा काठ्यांवर आणि एका मोडक्या छत्रीवर उभे होते. धाकट्याने वर पाहिले, कृष्णाची अवस्था त्याच्या ध्यानात आली, आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला, "हात काढ घटकाभर, आमी धरलंय."

कृष्णाने हात खाली घेतला, झटकला, आणि पुन्हा करंगळी वर लावली.